हात लावायचा नाही

शिवणाच्या क्लासातले चार शर्ट मास्तरांनी दोरीवर एका ओळीत टांगले. लांबून पाहिले, जवळून पाहिले, एकाची कॉलर उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "चारही उत्तम झालेत. चारही वहिनींनी शिवलेत."

वहिनींनी मान खाली घातली. बाकीचे तिघं छताच्या पंख्याकडे असे बघायला लागले, जणू तो आजच बसवलाय.

मास्तरांचा क्लास सायकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरत असे. खोलीत चार मशिनं, मधोमध कापड बेतायचं एक लांबलचक टेबल, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात माप घेण्यासाठी पडदा लावलेली जागा. शिकायला चौघंच होते. त्यांत वहिनी सगळ्यांत हुशार आहेत हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं, आणि वहिनींना त्याच्याही आधी.

राहिलेल्या तिघांची तऱ्हा निराळी होती. ड्रायव्हरकाका बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या पोटावर नीट बसेल असा शर्ट बाजारात मिळत नव्हता, म्हणून ते स्वतःच शिवायला शिकत होते. त्यांची कात्री सरळ रेघेवर झकास चाले. पण मुंढा आला, म्हणजे बाही खांद्याला मिळते ती गोलाई आली, की वळण न घेता तशीच पुढे निघून जाई. दुसऱ्या होत्या सिस्टर, हॉस्पिटलातल्या नर्स. त्या म्हणत, "माणसाला सुई टोचायची असेल तर मी गप्पा मारता मारता टोचीन. पण कापडाला कात्री लावायची म्हटलं की पोटात गोळा येतो. माणूस भरून येतो हो, कापड नाही येत." आणि तिसरी बारकी. नुकतंच कॉलेज संपवलेली ही मुलगी आधी कापत असे आणि मग मोजत असे.

अशी माणसं डोळ्यांसमोर असताना वहिनींचे हात शिवशिवणार नाहीत तर काय होणार? "काका, द्या इकडं, एवढा मुंढा मी फिरवून देते." "सिस्टर, राहू द्या, तुम्हाला घाम आलाय." "बारके, थांब, थांब, थांब!" मास्तर चहाला खाली गेले की वहिनी टेबलाभोवती एक चक्कर मारत आणि मास्तर परत येईपर्यंत तिन्ही कापडं मार्गाला लागलेली असत. तिघंही वहिनींचे फार आभार मानत. आभार मानायला त्यांना वेळही भरपूर मिळत होता, कारण दुसरं काही कामच उरलेलं नसे.

मास्तरांनी शर्ट दोरीवरून उतरवले. "वहिनी, पुढच्या बॅचपासून मला एक मदतनीस लागणार आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्या मनात तुमचं नाव होतं."

वहिनींनी पटकन मान वर केली. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ती जागा त्यांना हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. लग्न झाल्यापासून घरात त्यांना एकाच जातीचे प्रश्न विचारले गेले होते: माझा टॉवेल कुठंय, माझी किल्ली कुठंय, माझा दुसरा मोजा कुठंय. कुणीतरी आपल्याला एखादी गोष्ट कशी करायची हे विचारावं, आणि ती सांगण्यासाठी आपण टेपची पट्टी गळ्यात टाकून टेबलाच्या त्या बाजूला उभं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"होतं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे मला शिकवणारी पाहिजे. शिवून देणारी नको, त्याला मी आहे. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. हे तिघं आपापल्या हातांनी पास झाले तर जागा तुमची. मदत खुशाल करा. फक्त हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी हात पाठीमागे बांधले. हात बांधल्यावर सगळा जोर जिभेत आला. काकांच्या मागे उभ्या राहून त्या सुरू झाल्या, "सरळ घ्या. अजून सरळ. आता हळू. डावीकडे वळवा. अजून. अजून. बस्स, थांबा!" काकांना तर हे फारच मानवलं. जन्मभर त्यांनी मागून येणाऱ्या आवाजावरच गाडी थांबवली होती आणि सोडली होती. मुंढा असा सुरेख वळला की काकांनी स्वतःच दोनदा हात फिरवून पाहिला.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "काका, हा मुंढा कसा फिरवलात?"

"वहिनी म्हणाल्या तसा."

"आणि वहिनी नसत्या तर?"

काकांनी जरा विचार केला. "तर मी गाडी काढलीच नसती."

मास्तर वहिनींकडे वळले. "जीभसुद्धा हातच असते, वहिनी. तीही लावायची नाही."

वहिनींनी मग घरी बसून विचार केला आणि एक तोडगा काढला. सांगायचं काहीच नाही, फक्त विचारायचं. माणसाला प्रश्न विचारला की तो विचार करतो, विचार केला की त्याला उत्तर सापडतं, आणि आपण सापडलेलं उत्तर कधी विसरत नाही. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती लगेच नवऱ्यावर वापरून पाहिली. तो कपाटासमोर उभा राहून ओरडत होता, "अगं, माझा निळा शर्ट कुठंय?"

"तुम्हाला काय वाटतं, कुठं असेल?" वहिनींनी गोड आवाजात विचारलं.

नवरा कपाट उघडंच टाकून निघाला. मग स्वयंपाकघरात आला आणि त्यानं वहिनींच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुला बरं नाहीये का?"

क्लासात मात्र प्रश्नांची युक्ती लागू पडली. निदान तसं दिसलं तरी. सिस्टर खडूनं रेघ मारत आणि वहिनींकडे बघत. वहिनी विचारत, "नक्की?" सिस्टर ती रेघ पुसून दुसरी मारत. "नक्की?" ती पुसून तिसरी. वहिनी गप्प बसल्या की सिस्टर कात्री उचलत. आठवडाभरात तिघांनाही गुपित कळलं: 'नक्की?' म्हणजे चूक, गप्प म्हणजे बरोबर. बारकीनं तर एका कापडावर इतक्या रेघा मारल्या की ते चौकटीचं कापड वाटायला लागलं.

मास्तर म्हणाले, "वहिनी, हे विचार करत नाहीयेत. हे तुमच्यावर दार ठोठावतायत, उघडेल तेव्हा आत शिरायचं म्हणून."

तेव्हा वहिनींनी प्रश्नही सोडले. तोंड मिटलं. पण तोंड मिटलं तरी भुवया मोकळ्याच होत्या, आणि कात्री चुकीकडे निघाली की त्या कपाळावर चढत. काका वहिनींच्या भुवयांकडे आरशातून बघत. ती सवय तर त्यांच्या हाडांतच होती. हे लक्षात आल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या. हात मांडीखाली, ओठ मिटलेले, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. शिक्षा झालेलं पोर जसं बसतं तशा. यापेक्षा कमी मदत जगात कुणी कुणाला केली नसेल.

आणि गंमत म्हणजे काम सुधारलं! मुंढे वळायला लागले, गळे गोल झाले, कॉलरी माणसाच्या मानेला शोभतील अशा बसायला लागल्या. सिस्टर वहिनींच्या अगदी शेजारी खुर्ची ओढून बसत, त्या दिवसांत त्यांना हॉस्पिटलातून आलेली सर्दी होती तरीही. वहिनी भिंतीकडे बघत मनातल्या मनात म्हणत, शिकली बाई ही माणसं एकदाची. मास्तरही काही बोलत नव्हते. मास्तर काही बोलत नाहीत म्हणजे केवढं कौतुक, हे क्लासात सगळ्यांना माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जिना उतरताना काकांनी हात जोडले. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? तुमचा तो श्वास नसता ना, तर मी कधीच नापास होऊन घरी बसलो असतो."

वहिनी पायरीवरच थबकल्या. "कसला श्वास?"

काकांनी जीभ चावली, पण तोवर गाडी सुटली होती. बारकीनंच मग सगळं सांगून टाकलं. "तुम्ही भिंतीकडे बघत असला तरी चुकलेलं तुम्हाला कळतंच ना, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मग तुम्ही श्वास आत ओढून धरता. बरोबर असलं की सोडता, 'हं' करून. आम्ही 'हं' झालं की कापतो. सिस्टरनीच शोधून काढलं हे."

"माझा आयुष्यभराचा धंदाच आहे तो," सिस्टर नम्रपणे म्हणाल्या. "कुणाचा श्वास कसा चाललाय, हे मला झोपेतही कळतं."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस आपण काही करत नाही म्हणून त्या खूश होत्या, आणि इकडे सगळा क्लास त्यांच्या नाकावर चालला होता. "उद्या माझ्या श्वासाकडे कुणी लक्ष द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "शपथ घ्या."

तिघांनी शपथ घेतली. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "पण वहिनी, कान काय डोळ्यांसारखे मिटता येतात?"

म्हणतात ना, चांगलं चाललेलं असताना नेमकी माशी शिंकते. इथं माशीची गरज पडली नाही. परीक्षेच्या सकाळी वहिनी उठल्या त्या चोंदलेलं नाक घेऊनच. शेजारी खुर्ची ओढून बसण्याचा सिस्टरांचा प्रसाद त्यांना पोचला होता. नाकानं श्वास घेता येईना, तोंडानं घ्यावा तर प्रत्येक वेळी बाहेर पडताना तो मोठ्यानं 'हं' म्हणे. वहिनी अगदी कात्रीत सापडल्या. जावं तर हे तिघं बुडणार, न जावं तर त्या स्वतः नापास होणार आणि हे तिघं घाबरून तरीही बुडणार. शेवटी रुमालांचा गठ्ठा घेऊन त्या निघाल्या.

परीक्षक बाई गणवेशाचा कारखाना चालवत. त्यांनी आपली बॅग खुंटीला लावली, चौघांना मोजून सारखं कापड दिलं आणि फर्मान काढलं, "पूर्ण बाहीचा शर्ट. कापड एवढंच मिळेल. मागून मिळणार नाही, त्यामुळे मागू नका. बोलणं बंद."

चौघं टेबलाभोवती उभे राहिले. वहिनींनी श्वास रोखून धरला. त्यांनी श्वास धरला तशा तिन्ही कात्र्या थांबल्या. तिघं हात वर धरून, कात्र्या उघड्या ठेवून उभे राहिले, फोटो काढतात तसे. वहिनींचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्याच्याही पुढचा. शेवटी त्यांचा नाइलाज झाला. "हंऽऽ!"

कात्र्या सुटल्या. आणि आता वहिनी तोंडानं धापा टाकत असल्यामुळे त्या थांबेचनात. हं, हं, हं. काकांना सिग्नल सतत हिरवा. पाठ कापून झाली, पुढचे भाग झाले, कात्री बाहीच्या कापडात शिरली. काकांना स्वतःलाच वाटत होतं की कुठंतरी वळायचं होतं बहुतेक, पण मागून 'हं' येत होतं तोवर ते कशाला थांबतात! इतक्यात वहिनी शिंकल्या.

ती शिंक साधी नव्हती. सकाळपासून साठलेली होती. खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. वर काकांनी करकचून ब्रेक मारावा तसा हात दाबला आणि बाही मधोमध दोन तुकडे होऊन टेबलावर पडली. सिस्टरांच्या कात्रीनं कॉलरचं टोक उडवलं. बारकीच्या शर्टाच्या पुढच्या भागाला छातीपाशी एक भोक पडलं, बटणाला फार मोठं आणि माणसाला फार लहान.

"सर्दी झालीय तुम्हाला?" परीक्षक बाई दोन पावलं मागे सरकल्या. "मग लोकांच्या अंगावर कशाला शिंकताय? जा, त्या पडद्यामागं बसा."

वहिनी कापड घेऊन पडद्यामागं गेल्या. तिथं एक स्टूल होतं, टेबल नव्हतं. बेतायचं तर गुडघ्यावर बेतायला हवं होतं. त्यांनी घडी तशीच मांडीवर ठेवली आणि पडद्याच्या फटीला डोळा लावला. काका तुटकी बाही दोन्ही हातांत धरून उभे होते. बस कुठंतरी धडकवलेला माणूस जसा उभा असतो, तसे. त्यांची नजर सरळ पडद्यावर होती.

"वहिनी," सिस्टर पडद्याजवळ खाली पडलेली टाचणी शोधायच्या निमित्तानं वाकून कुजबुजल्या. "नुसतं हं तरी म्हणा."

तुकडे कसे वाचवायचे हे वहिनींना ठाऊक होतं. तिन्ही कापडांचं ठाऊक होतं. जिभेवर आलेलं होतं सगळं. दोन शब्द टाकले असते तर तिघं पास झाले असते आणि मास्तरांना कळलंही नसतं. मदतनिसाची जागा त्या दोन शब्दांवर होती. त्यांनी रुमालाचा बोळा केला, तो तोंडात कोंबला आणि नाक चिमटीत धरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते सर्दीचं किती आणि दुसरं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पडद्याकडून काहीच येत नाही हे बघून सिस्टर उठल्या. टेबलापाशी परत गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पेशंटचं काही खरं नाही. आपलं आपणच बघायला पाहिजे."

 मग काकांनी तुटकी बाही खाली ठेवली, टेप उचलला आणि क्लासला आल्यापासून प्रथमच कुणी न सांगता एक माप घेतलं. मग तेच पुन्हा घेतलं. "बाहीला वीतभर कमी पडतंय," ते स्वतःशी पुटपुटले. "शर्टाची लांबी कमी केली तर निघेल."

"शर्ट आखूड होईल काका," बारकी ओठ न हलवता म्हणाली.

"होऊ दे. शर्ट खोचता येतो. बाही कुठं खोचणार?"

परीक्षक बाईंनी मान वर केली, पण बोलणं बंद असल्याचं सांगायला त्या का कोण जाणे विसरल्या. सिस्टरांनी कॉलरचं दुसरं टोकही तेवढंच कापून टाकलं आणि गोल कॉलर करून टाकली. ती कापताना त्या स्वतःच मोठ्यानं श्वास घेत होत्या. बारकीनं आधी मोजलं. भोकावर खिसा बसत होता, पण तो एकच असेल तर परीक्षक बाईंना संशय येणार, म्हणून तिनं दोन्हीकडे खिसे लावले. एकदा काकांची कात्री मुंढ्याकडे सरळ निघाली. पडद्यामागं वहिनींनी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा काका दोन पावलं मागे सरकून कापडाकडे बघत होते. "रिव्हर्स घेतो," ते म्हणाले, आणि खडू उचलून त्यांनी ती रेघ पुन्हा काढली. वळण जरा खडबडीत आलं. पण ते वळण होतं आणि काकांचं होतं.

वहिनींना फार आनंद झाला. आणि थोडं वाईटही वाटलं. बाहेर तीन मशिनं चालत होती आणि त्यांतल्या एकालाही त्यांची आठवण झाली नव्हती.

वेळ संपल्यावर मास्तर वर आले आणि तिन्ही शर्ट दोरीवर गेले. एक आखूड होता, एक गोल कॉलरीचा आणि एकाला गरजेपेक्षा जास्त खिसे. परीक्षक बाईंनी सगळ्या शिलाया ओढून पाहिल्या आणि तिघांनाही पास केलं. "सुंदर नाहीत," त्या मास्तरांना म्हणाल्या. "पण चूक झाल्यावर काय करायचं हे यांना कळतं. माझ्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना कळत नाही. चौथा कुठंय?"

पडदा बाजूला झाला. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. नाक लाल, तोंडात रुमाल, मांडीवर कापडाची घडी जशी दिली होती तशी.

"हे काय? तुम्ही कापडाला हातच नाही लावलात?" परीक्षक बाई म्हणाल्या. "एवढा वेळ करत काय होतात?"

वहिनींनी तोंडातला रुमाल काढला. "मदत करत नव्हते," त्या म्हणाल्या.

परीक्षक बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "फार अवघड काम आहे ते," ते म्हणाले. "यांना तर फारच."

"असेल. पण नापास."

"नापास बरोबर आहे," मास्तर म्हणाले आणि वहिनींकडे वळले. "सोमवारी नवी बॅच आहे. वेळेवर या."

"शिकायला की शिकवायला?" वहिनींचा आवाज बसला होता.

"सकाळी शिकवायला. दुपारी शिकायला. सर्टिफिकेट नको का?"

काका, सिस्टर आणि बारकी एव्हाना पास झाल्यामुळे हवेत होते. काकांनी वहिनींच्या मांडीवरची घडी अलगद उचलली. "वहिनी, तुम्ही बसा. आजारी आहात. हा मी बेतून देतो, बघा कसा सरळ निघतो." सिस्टर म्हणाल्या, "मुंढा मात्र माझ्याकडे द्या काका." बारकीनं खडू कानावर अडकवला, खाली जाऊन कुणाला तरी चहा सांगून आली आणि कॉलर स्वतःकडे घेतली. तिघं टेबलावर वाकले. चहा आला तसा पेला हातात धरून वहिनी स्टुलावर टेकल्या, भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब केले. आपलं काम दुसरं कुणीतरी करतंय आणि आपल्याला काहीएक करायचं नाही, हे किती सुखाचं असतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"वहिनी," मास्तर टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "कापड तुमचं आहे. उठा आणि यांच्याकडून घ्या."

वहिनींनी चहाचा एक घोट घेतला. डोळे मिटले.

"घेते मास्तर," त्या म्हणाल्या. "एवढा एक शर्ट होऊ दे की. पुढच्यापासून माझं मी करीन."